बटण बंद, मीटर चालू

रिमोटने बंद केलेला टीव्ही पुरता बंद झालेला नसतो. रिमोटचा पुढचा इशारा पकडण्यासाठी त्यातला एक लहानसा भाग जागा राहतो आणि तेवढ्यापुरती वीज घेत राहतो. सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर अशी कितीतरी उपकरणे काम नसतानाही बोर्डाला जोडलेली असतात. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. यातल्या एकेका उपकरणाचा भार अगदी किरकोळ, थोड्या वॅटांचा असतो. पण पंखा किंवा दिवा दिवसातले काही तास चालतो, तर हा भार दिवसरात्र, वर्षाचे सगळे ८,७६० तास चालतो. एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात, महिन्याला पाऊण युनिटाच्या थोडे खाली. पुढचे बहुतेक हिशेब याच आकड्यावर उभे आहेत.

हा प्रश्न शहरी फ्लॅटचा मानला जातो, पण बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या मोरगावसारख्या गावात तो अधिक रूपांत दिसतो. कऱ्हेकाठच्या या गावात मयूरेश्वराचे मंदिर आहे. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती असल्याने भाविकांचा राबता बारमाही असतो. गावठाणातली घरे, देवळाच्या परिसरातली दुकाने व लॉज, आणि शेतातल्या वस्त्या व विहिरींवरचे पंप, असे तीन प्रकारचे वीजग्राहक इथे एकाच शिवारात नांदतात. तिघांकडेही वाट पाहत बसलेली उपकरणे आहेत. त्यांचा खर्च मात्र तिघांच्या हिशेबात तीन वेगळ्या जागी पडतो.

आधी ही वीज जाते कुठे ते पाहू. रिमोटचा इशारा ओळखणाऱ्या सेन्सरला पाच व्होल्टवर काही मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. म्हणजे त्याची गरज एका वॅटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. तरीही जुनी उपकरणे स्टँडबायवर तीन, पाच, कधी दहा वॅटही घेत. हा फरक सेन्सर खात नाही, तर २३० व्होल्टचे पाच व्होल्ट करून देणारा पुरवठ्याचा भाग खातो. जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या जड, काळ्या अडॅप्टरमध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असे. तो बोर्डात खोचला की पलीकडे काही जोडलेले असो वा नसो, गाभ्याचे चुंबकन सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत राहते आणि त्यात वीज उष्णता होऊन जाते. असा अडॅप्टर तासाभराने हाताला कोमट लागतो. तो कोमटपणा बिलातल्या युनिटांतूनच आलेला असतो.

आजचे हलके चार्जर वेगळ्या पद्धतीने चालतात. त्यांतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, त्यामुळे गाभा नखाएवढा पुरतो, आणि मागणी नसली की ही उघडझाप जवळपास थांबते. म्हणूनच मोबाइल काढून घेतल्यावर बोर्डात तसाच राहिलेला आजचा चांगला चार्जर साधारण एका वॅटचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वीज घेतो. वर्षभर तसा ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. वीजबचतीच्या उपदेशात सगळ्यांत जास्त बोलणी या चार्जरलाच बसतात, आणि ती बरीचशी अनाठायी आहेत. खरे खाणारे घरात दुसरीकडे असतात.

हा प्रश्न संशोधकांच्या नजरेत गेल्या शतकाच्या अखेरीस भरला. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये एक सोपे उद्दिष्ट मांडले: कोणत्याही उपकरणाने स्टँडबायवर एका वॅटहून जास्त वीज घेऊ नये. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने हे उद्दिष्ट उचलून धरले. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांच्या खरेदीला एका वॅटची अट घातली. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला. त्यानुसार २०१० पासून साध्या स्टँडबायला एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा आली. जगभरच्या कंपन्या एकच उपकरण अनेक देशांत विकतात, म्हणून या नियमांचा फायदा ज्या देशांत ते लागू नव्हते तिथेही पोचला. बारामतीच्या बाजारातून आज घेतलेला एलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर बहुधा अर्ध्या ते एका वॅटवर येतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मोठ्या पाठीचा टीव्ही याच्या कितीतरी पट घेत असे.

त्या काळी विकसित देशांतल्या घरगुती विजेपैकी पाच ते दहा टक्के वीज स्टँडबायवर जाते असा अंदाज प्रचलित झाला, आणि हाच आकडा आजही आपल्याकडच्या लेखांत जसाच्या तसा छापला जातो. तो इथे लावणे चूक आहे. उपकरणांची संख्या, वीज जाण्याचे प्रमाण, इन्व्हर्टरची सवय, सगळेच इथे निराळे आहे. मोरगावच्या घराचा हिशेब त्या घरातल्या उपकरणांवरूनच करावा लागतो.

त्या हिशेबात पहिला मान सेट टॉप बॉक्सचा. केबलचे प्रसारण डिजिटल करण्याचा कायदा २०११ मध्ये झाला. पुण्यासारख्या शहरांना त्यासाठी मार्च २०१३ ची मुदत होती, तर खेड्यांचा चौथा टप्पा लांबत मार्च २०१७ पर्यंत गेला. दूरदर्शनची मोफत डिश सेवा त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली होती, आणि छपरावरची छत्री खेड्यात नेहमीची झाली होती. छत्री असो की केबल, टीव्हीजवळ एक बॉक्स आला आणि तो चोवीस तास जागा राहू लागला. रिमोटवरचे लाल बटण दाबले की बॉक्सचा दिवा रंग बदलतो, पडद्यावरचे चित्र जाते, आणि बहुतेक घरांत तो बंद झाला असे धरले जाते. आत मात्र ट्यूनर चालू असतो, वाहिन्यांची यादी आणि सांकेतिक किल्ल्या अद्ययावत होत असतात. छत्रीचा बॉक्स आणखी एक काम करतो. छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबी नावाच्या भागाला स्वतःची वीजजोडणी नसते. त्याला लागणारे तेरा किंवा अठरा व्होल्ट बॉक्सच त्या काळ्या केबलीतून वर पाठवतो. अनेक साध्या बॉक्सांत स्टँडबायवरही हा पुरवठा चालूच राहतो. परिणामी चालू असताना दहा वॅटच्या आसपास घेणारा बॉक्स ‘बंद’ असताना फार तर दोन-तीन वॅट कमी घेतो. टीव्ही कंपन्यांनी वर्षानुवर्षे खपून स्टँडबाय अर्ध्या वॅटवर आणला आणि त्याच्या शेजारी आठ वॅटचा बॉक्स येऊन बसला.

दुसरा मान इन्व्हर्टरचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागाने तासन्‌तासांचे भारनियमन सोसले. इन्व्हर्टर-बॅटरीची जोडी घराघरांत शिरली ती तेव्हा. भारनियमन ओसरले, पण वळवाच्या वाऱ्याने तार तुटणे, फ्यूज जाणे, दुरुस्तीसाठी दिवसभर पुरवठा बंद राहणे हे चालूच असल्याने इन्व्हर्टर राहिले. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर घराची वीज नुसती पुढे सोडतो आणि बॅटरी भरलेली ठेवतो. भरलेली बॅटरीही आपोआप थोडी उतरत असते, ती उतरण भरून काढावी लागते, शिवाय आतला लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर सतत जोडलेला असतो. घरगुती इन्व्हर्टर अशा स्थितीत दहा ते पंचवीस वॅट सहज घेतो. बॅटरी जुनी झाली, तिच्यातले डिस्टिल्ड पाणी उतरले, की हा आकडा वाढतो, कारण चार्जर तिला भरत राहतो आणि ती भरत नाही. इन्व्हर्टर बंद करून ठेवणे हा त्यावर उपाय नाही. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि बॅटरी अकाली जाते. वाचलेल्या युनिटांपेक्षा नवी बॅटरी कितीतरी महाग. इन्व्हर्टरच्या बाबतीत वेळेवर पाणी घालणे आणि मरायला टेकलेली बॅटरी वेळीच बदलणे, एवढेच शहाणपणाचे.

उरलेल्यांपैकी राउटर पाच ते दहा वॅट घेतो, पण तो स्टँडबायवर नसतो, पूर्ण कामावरच असतो. फ्रिजचा स्टॅबिलायझर आतल्या ट्रान्सफॉर्मरपायी तीन-चार वॅट खातो. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात तो काढून टाकण्याचा सल्ला देण्यात अर्थ नाही. मायक्रोवेव्हवरचे घड्याळ दोन वॅटच्या आसपास घेते. भिंतीवर खरे घड्याळ असताना हा खर्च निव्वळ फुकट आहे.

डास पळवणाऱ्या लिक्विडच्या मशीनचा उल्लेख स्टँडबायच्या यादीत सहसा नसतो, पण त्याची जागा तिथेच आहे. त्यातला लहान हीटर पाच वॅटच्या आसपास घेतो. रात्री लावलेले मशीन सकाळी बोर्डातच राहिले आणि दिवसाचे चौदा तास उगाच चालले, तर महिन्याला दोन युनिट होतात. नव्या टीव्हीच्या महिन्याभराच्या स्टँडबायपेक्षा हे कितीतरी जास्त आहे, आणि बाटलीतले लिक्विड उडून जाते ते निराळेच. तीच गोष्ट जुन्या रंगीत झिरो बल्बची. नाव झिरो असले तरी तो पंधरा वॅटच्या आसपास घेतो. देवघरात असा लाल बल्ब रात्रंदिवस तेवत असेल तर महिन्याला जवळपास अकरा युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा त्याच जागी महिन्याला अर्ध्या युनिटाहूनही कमी घेतो, आणि देवापुढचा उजेड राहतो.

या युनिटांचे पैसे किती, याचे उत्तर दरपत्रकाच्या रचनेत आहे. नेमकी हीच गोष्ट बहुतेक घरांत लक्षात घेतली जात नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना ११.४६ रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटांना १५.७२ रुपये दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. म्हणजे शुल्क धरून एक युनिट पहिल्या टप्प्यात ६.८२ रुपयांना, दुसऱ्यात १३.२९ रुपयांना आणि तिसऱ्यात १८.२४ रुपयांना पडत होते. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथे धरलेला नाही. शंभरावे युनिट संपले की पुढच्या युनिटाची किंमत जवळजवळ दुप्पट होते.

अनेक जण बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढतात आणि त्या दराने बचत मोजतात. तो हिशेब बचत कमी दाखवतो. वापरातून दहा युनिट कमी केले की ते खालच्या स्वस्त टप्प्यातून वजा होत नाहीत, घर पोचले असेल त्या सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होतात. १२५ युनिटांच्या घरात वाचलेली पहिली पंचवीस युनिटे ही १३.२९ रुपयांची युनिटे आहेत. यावरून एक सोयीचा ठोकताळा निघतो. त्या दराने वर्षभर सतत घेतलेल्या एका वॅटची किंमत शंभर युनिटांच्या आतल्या घराला सुमारे ६० रुपये, शंभर ते तीनशेमधल्या घराला सुमारे ११६ रुपये आणि तीनशेच्या वरच्या घराला सुमारे १६० रुपये पडते. दरपत्रक बदलले की आकडे बदलतील, पण वरच्या टप्प्याचा वॅट महाग हे नाते टिकते.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी वेगळा सवलतीचा गट आहे. त्यात टिकून राहण्यासाठी आधीच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत असावा लागतो. आठ वॅटचा सेट टॉप बॉक्स वर्षभर चालू राहिला तर ७० युनिट होतात, म्हणजे या मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ज्या घरात एलईडीचे दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही आहे, तिथे हा बॉक्स रात्री बोर्डावरून बंद करण्याने सवलतीचा दर राहणे-जाणे ठरू शकते. स्टँडबायचा खर्च श्रीमंत घरात रकमेने मोठा दिसतो, पण त्याची झळ सगळ्यांत जास्त इथे लागते. वीजबचतीच्या पत्रकांनी खरे तर या घरांपासून सुरुवात करायला हवी.

आता गावठाणातल्या एका मध्यम घराचा नमुना हिशेब. बॉक्स ८ वॅट, इन्व्हर्टर १५, राउटर ७, स्टॅबिलायझर ४, मायक्रोवेव्ह २, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा फिल्टर प्रत्येकी १, चार्जर मिळून नगण्य. एकूण ३९ वॅट, महिन्याला २८ युनिट. घराचा एकूण वापर १२५ युनिट असेल तर हा वाटा पाचव्या हिश्शाहून मोठा झाला. मात्र हे सगळे वाचवता येत नाही. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि फिल्टर तसेच राहणार. बॉक्स दिवसातून पाच तास पाहिला जात असेल तर उरलेल्या एकोणीस तासांचे साडेचार युनिट, राउटर रात्री आठ तास बंद केला तर सुमारे पावणेदोन युनिट, मायक्रोवेव्हचे दीड, वॉशिंग मशीन आणि टीव्ही मिळून सव्वा. बेरीज नऊ युनिटांच्या आसपास जाते, दुसऱ्या टप्प्यात महिन्याला सुमारे १२० रुपये, वर्षाला साधारण चौदाशे. यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, भिंतीवरची चार बटणे दाबावी लागतात. त्याच घरात ७५ वॅटचा जुना पंखा बारा तास चालत असेल आणि त्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आला, तर एकट्या पंख्याने महिन्याला सोळा युनिट वाचतात. स्टँडबायचा क्रम त्यानंतरचा आहे.

वरचे वॅट हे नेहमी आढळणारे आकडे आहेत. प्रत्यक्ष घराचा आकडा काढायला वेगळे यंत्र लागत नाही, कारण मोजणारे यंत्र पडवीत आधीच टांगलेले असते. घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या जवळ दर युनिटाला किती लुकलुकी हे छापलेले असते. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर हा आकडा ३,२०० असतो. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, तेव्हा एक लुकलुक म्हणजे ०.३१ वॅट-तासाहून थोडे जास्त. यातून सोपे सूत्र येते: ११२५ या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणी घर किती वॅट घेत आहे ते कळते. मीटरवर १,६०० छापले असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्यायचे.

रात्री जेवणे झाल्यावर दिवे-पंखे बंद करावेत आणि फ्रिज दहा मिनिटे बोर्डावरून बंद ठेवावा. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच चालू झाला तर मोजणी बिघडते. बाकी सगळे रोजच्यासारखे राहू द्यावे. मग मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभे राहावे. लाल दिवा लुकलुकला की सुरू, पुन्हा लुकलुकला की थांब. २८ सेकंद लागले तर ११२५ भागिले २८, म्हणजे ४० वॅट. आता आतल्या कुणीतरी टीव्हीच्या बोर्डावरचे बॉक्सचे बटण बंद करावे आणि पुन्हा मोजावे. ३५ सेकंद लागले तर भार ३२ वॅटवर आला, आणि एकट्या बॉक्सचे आठ वॅट हाती लागले. असे एकेक बटण बंद करत गेले की अर्ध्या तासात घराची यादी तयार होते. भार कमी होत जातो तशी लुकलुक लांबते, म्हणून शेवटी शेवटी धीर धरावा लागतो. मीटरला मोजणी सुरू करायला काही किमान प्रवाह लागतो, त्यामुळे अगदी एक-दोन वॅटचा एकटा भार त्याला दिसेलच असे नाही. जुन्या चकतीच्या मीटरला तर घर्षणामुळे असा बारीक भार जवळजवळ कळतच नसे. ती मीटर बदलल्यावर बिल वाढल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. आधी न मोजली गेलेली ही बारीक वीज मोजली जाऊ लागणे, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणण्याची पद्धत मात्र इथे फसवते. स्टँडबायवरच्या उपकरणांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खऱ्या वापराचा हिस्सा, खूप कमी असतो, म्हणून गुणाकार वीस वॅटचा आला तरी खरा वापर पाच वॅटचा असू शकतो. घरगुती बिल खऱ्या वापराचे येते, गुणाकाराचे नव्हे.

बोर्डावरून बंद करण्याचे दुसरे कारण पैशाचे नाही, आणि ते जास्त वजनाचे आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग चढतात, वारा सुटतो, आणि डीपीवरून, म्हणजे गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरून, येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली तर घरात २३० ऐवजी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकते. त्या क्षणी स्टँडबायवर असलेले प्रत्येक उपकरण धोक्यात असते. बोर्डावरून बंद असलेले बरेचसे वाचते, प्लगच काढलेला असेल तर पूर्ण वाचते. जवळ वीज पडल्यावर लाट छत्रीच्या केबलीतूनही आत येते, म्हणून कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर ती केबलही बॉक्सपासून सोडवायला हवी.

देवळाच्या परिसरातल्या व्यवसायांचा हिशेब वेगळा. दहा खोल्यांच्या लॉजमध्ये प्रत्येक खोलीत टीव्ही आणि बॉक्स धरले तर स्टँडबायचा भार नव्वद वॅट, महिन्याला पासष्ट युनिट होतो. गर्दी चतुर्थीला, सुट्यांना आणि माघ-भाद्रपदाच्या यात्रांना. एरवी खोल्या रिकाम्या असतात, पण बॉक्स जागेच. व्यावसायिक दरात घरगुतीसारखा पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त टप्पाही नाही. खोलीच्या दाराशी एक मुख्य एमसीबी बसवला आणि पाहुणा गेल्यावर तो खाली करण्याची सवय नोकरांना लावली की हा प्रश्न मिटतो.

शेतातल्या स्टँडबायची गोष्ट सगळ्यांत निराळी आहे, कारण तिथे वाट पाहणारे उपकरण वॅटभर नव्हे, हजारो वॅटची मोटर घेऊन बसलेले असते. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे येणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज पुरवठा दिवसातून ठरावीक तासच मिळतो, आणि आलटून पालटून त्यात रात्रीची पाळी येते. मध्यरात्री विहिरीवर जायचे म्हणजे अंधार, साप-विंचू, आणि अलीकडे या भागात बिबट्याचीही भीती. म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच जोडला जातो. तो तिन्ही फेज आले की नाही हे पाहत राहतो आणि आले की आपणहून मोटर चालू करतो. त्याची स्वतःची वीज नगण्य आहे. त्याची किंमत डीपीवर दिसते.

पाच एचपीची मोटर चालू असताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. ६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता फेजला सुमारे ८४ अँपिअर असते. तिच्यावर अशा दहा मोटरी असल्या तर चालू स्थितीतले ७५ अँपिअर ती पेलते. शेतकरी आपापल्या हाताने, मागेपुढे स्टार्टर दाबतात तेव्हा सुरुवातीचे झटकेही पांगतात. दहाही मोटरींना ऑटोस्विच असला तर लाइट येताच सगळ्या एकाच क्षणी उठतात आणि डीपीकडून साडेचारशे अँपिअर मागतात, क्षमतेच्या पाचपटीहून जास्त. व्होल्टेज कोसळते, कोसळलेल्या व्होल्टेजवर मोटरींना वेग घेता येत नाही, त्यामुळे तो मोठा प्रवाह लांबतो, आणि फ्यूज उडतो, फीडर ट्रिप होतो किंवा डीपीचे वाइंडिंग जळते. महावितरण वर्षानुवर्षे ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे आवाहन करते ते याच कारणाने. कॅपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारतो, त्यामुळे चालू मोटरींचा प्रवाह कमी होऊन डीपीवरचा ताण हलका होतो.

घरातल्या स्टँडबायचे पैसे त्याच घराच्या बिलात येतात. शेतातल्या ऑटोस्विचचे कुणाच्याच बिलात येत नाहीत. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल सरकार भरते, तेव्हा तर बिलाचा धाकही उरलेला नाही. जळालेली डीपी मात्र सगळ्यांची असते. ती बदलून येईपर्यंत ज्याने ऑटोस्विच लावला त्याचे आणि ज्याने लावला नाही त्याचेही पीक सारखेच सुकते. ज्या जिरायती शिवारात जनाई-शिरसाई किंवा पुरंदर उपसा योजनेच्या आवर्तनाचे पाणी मोजून मिळते, तिथे आठवडाभर बंद पडलेली डीपी म्हणजे हातचा हंगाम जाणे.

यात शेतकऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. रात्रीच्या पुरवठ्याने निर्माण केलेल्या अडचणीवर त्याने हाताशी मिळालेला उपाय केला. ऑटोस्विचमध्ये विलंबाचा टायमर असला आणि एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून एकाने दोन मिनिटांचा, दुसऱ्याने चार मिनिटांचा असा वेगवेगळा विलंब लावला, तर मोटरी एकामागून एक उठतात आणि झटका विभागला जातो. हा तोडगा बिनखर्चाच्या जवळचा आहे, पण त्याला वस्तीवरची एकी लागते.

साऱ्या राज्याचा हिशेब केला तर घरगुती स्टँडबायही लहान राहत नाही. महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींहून जास्त आहेत. दर घरामागे फक्त पाच वॅट कमी झाले तरी शंभर मेगावॅटचा अखंड भार उतरतो, वर्षाला ८७ कोटींहून अधिक युनिटांचा. तुलना करायची तर नीरा कालव्यांना पाणी देणाऱ्या वीर धरणाच्या वीजगृहाची क्षमता नऊ मेगावॅट आणि भाटघरची सोळा मेगावॅट आहे. तारांमध्ये होणारी गळती धरली तर शंभर मेगावॅट घरात पोचवायला त्याहून बरीच जास्त निर्मिती लागते, आणि देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चार बटणे दाबण्याची सवय यातला काही भाग वाचवते. त्याहून मोठा भाग कारखान्यात ठरतो. बॉक्सने खऱ्या अर्थाने झोपावे आणि छत्रीचा पुरवठा तोडावा, एवढे डिझाइनमध्येच बंधनकारक झाले तर दोन कोटी घरांतल्या लोकांना दररोज आठवण ठेवावी लागणार नाही. टीव्हीच्या बाबतीत युरोपच्या नियमाने हे करून दाखवले आहे.

शेतीच्या बाबतीत तसाच मुळावरचा उपाय २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने सुरू झाला, आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या फीडरला द्यायची, म्हणजे थ्री फेज पुरवठा सूर्य असताना, दिवसाच मिळतो. ज्या फीडरवर दिवसाची वीज खरोखर नियमित येऊ लागते तिथे शेतकरी स्वतः विहिरीवर असतो, स्टार्टर हाताने दाबतो, पाणी कुठल्या सरीत गेले ते पाहतो आणि मोटर बंद करूनच घरी येतो.